मुंबईच्या हॉटेलांत कारकीर्द घडवताना: गावाहून येणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

हॉटेल व्यवसायात शिरू पाहणारी मुले-मुली मुंबईला निघण्यापूर्वी बहुधा दोनच प्रश्न विचारतात: कोर्स कोणता करावा आणि पगार किती मिळेल. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण माणूस या व्यवसायात टिकतो की दीड वर्षात गावी परततो, हे त्यांच्या उत्तरांवर फारसे ठरत नाही. आपण कोणत्या खात्यात शिरलो, आपले नाव हॉटेलच्या स्वतःच्या पगारपत्रकावर आहे की कंत्राटदाराच्या, आणि पाळी संपल्यावर अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत किती वेळ जातो, यांवर ते अधिक ठरते. सुरुवातीचा पगार दोन-तीन हजारांनी कमी असला तरी या तीन बाबी नीट जमल्या असतील तर ती नोकरी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुढील सगळे विवेचन त्याच मताच्या आधारे केले आहे.

खाते आधी ठरवा

मोठ्या हॉटेलात पाहुण्याच्या सेवेची चार मुख्य खाती असतात: फ्रंट ऑफिस (पाहुण्याचे स्वागत व नोंदणी), हाउसकीपिंग (खोल्यांची साफसफाई), किचन आणि जेवण वाढण्याचे खाते, ज्याला सगळे ‘एफ अँड बी सर्व्हिस’ म्हणतात. बँक्वेट (समारंभांच्या मेजवान्या), लाँड्री, स्टुअर्डिंग (भांडी धुणे), इंजिनिअरिंग, सिक्युरिटी, सेल्स ही खातीही असतातच, परंतु नवख्या माणसाला दार उघडते ते बहुतेक वेळा या चारांपैकी एका खात्यातून. एका खात्यात दोन-तीन वर्षे काढल्यानंतर दुसऱ्या खात्यात जायचे म्हटले की बहुधा पुन्हा तळापासून सुरुवात करावी लागते, म्हणून ‘जागा मिळेल तिथे जाऊ’ असे म्हणून हा निर्णय नशिबावर सोडू नये.

फ्रंट ऑफिसचे काम म्हणजे काउंटरमागे उभे राहून हसतमुखाने बोलणे, असा समज असतो. प्रत्यक्षात परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट व व्हिसा तपासून त्याची माहिती चोवीस तासांच्या आत परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवावी लागते, बिलातला कंपनीने भरायचा भाग आणि पाहुण्याने स्वतः भरायचा भाग वेगवेगळा ठेवावा लागतो, आणि रात्रपाळीत दिवसभराचे हिशेब जुळवून संगणकावरची तारीख पुढे नेण्याचे, म्हणजेच नाइट ऑडिटचे, काम असते. इंग्रजी बरे असेल, आकडेमोडीचा कंटाळा नसेल आणि समोरचा माणूस आवाज चढवत असताना आपला आवाज खाली ठेवता येत असेल, तर हे खाते घ्यावे. इंग्रजी अजून अडखळत असल्यास बेल डेस्कवर लागून, सामान वाहता वाहता भाषा सुधारून, पुढे काउंटरवर आलेलेही पुष्कळ जण आहेत.

सर्व्हिसमध्ये बोलण्याची भीड सर्वांत लवकर चेपते आणि टिपही मिळते, पण दुपारच्या जेवणानंतर तीन-साडेतीनला सोडून संध्याकाळी सातला पुन्हा बोलावणारी ‘ब्रेक शिफ्ट’ अनेक ठिकाणी याच खात्याच्या वाट्याला येते. घर लांब असेल तर मधले ते साडेतीन-चार तास स्टाफच्या लॉकर रूमच्या बाकावर जातात. किचनमध्ये इंग्रजीवाचून सुरुवातीला फारसे अडत नाही, मात्र उष्णता, उभे राहणे आणि शिस्त यांना पर्याय नाही. कॉमी थ्री, म्हणजे किचनमधल्या सर्वांत खालच्या पदावर लागलेल्या मुलाचे पहिले कित्येक महिने भाज्या सोलणे, ठरलेल्या मापाने चिरणे आणि सेक्शनची ‘मिझाँप्लास’, म्हणजे सर्व्हिसपूर्वीची सगळी मांडामांड, यातच जातात. ज्याला या एकसुरीपणात गोडी वाटत नाही त्याने केवळ दूरदर्शनवरचे शेफ पाहून किचन निवडू नये.

राहिले हाउसकीपिंग. गावी सांगायला संकोच वाटतो म्हणून मुले या खात्याकडे पाठ फिरवतात. ‘मुंबईला जाऊन शेवटी झाडूच हातात घेतलास का’ हे वाक्य किती घरांत बोलले जाते, याचा हिशेब नाही. माझ्या मते मराठी माध्यमातून आलेल्या, कामाला चोख असलेल्या उमेदवारासाठी आत शिरण्याची हीच सर्वांत भरवशाची वाट आहे, कारण इथे काम मोजता येते, त्यामुळे चांगला कामगार लपून राहत नाही, आणि सुपरवायझरच्या पदापर्यंत जाणारी रांगही इतर खात्यांपेक्षा आखूड असते.

एका चेकआउट झालेल्या खोलीचे काम पाहिले तर हे कौशल्य किती बारकाव्याचे आहे ते कळेल. खोली रिकामी असल्याची नोंद हातात असली तरी रूम अटेंडंट दारावर टकटक करतो, ‘हाउसकीपिंग’ असे स्वच्छ आवाजात म्हणतो, थांबतो आणि मगच दार उघडतो. आधी पडदे सरकवून दिवे, एसी आणि टीव्ही चालू आहेत का ते पाहतो, नंतर कपाट, खण, तिजोरी आणि पलंगाखालची जागा तपासतो. विसरलेला चार्जर असो वा कानातले, ती वस्तू खोली क्रमांक व वेळेसह ‘लॉस्ट अँड फाउंड’च्या नोंदवहीत गेलीच पाहिजे. जुनी चादर काढून नवी अंथरताना तिचे कोपरे पाकिटासारखे दुमडून गादीखाली घट्ट बसवायचे, उशीच्या अभ्र्याची उघडी बाजू दाराकडून दिसणार नाही अशी ठेवायची. बाथरूममध्ये कमोडचे फडके वेगळे, बेसिनचे वेगळे, काचेचे वेगळे. त्यांचे रंगच ठरलेले असतात. धूळ एका दिशेने पुसत खोलीची फेरी पूर्ण करायची, आणि व्हॅक्युम खिडकीकडून दाराकडे मागे मागे येत फिरवायचा, म्हणजे गालिच्यावर आपल्याच पावलांचे ठसे राहत नाहीत. एवढे झाल्यावर सुपरवायझर येतो आणि बहुधा सर्वांत आधी बाथरूमच्या फरशीवर केस शोधतो. त्याने खोली ‘पास’ केली की मगच रिसेप्शनला ती नव्या पाहुण्याला देता येते. एका पाळीत अशा साधारण बारा ते सोळा खोल्या कराव्या लागतात, त्यामुळे पहिले काही आठवडे कंबर बोलू लागते, हेही आधीच सांगितलेले बरे.

शिक्षणाच्या वाटा

बारावीनंतर तीन वर्षे शिकण्याची आर्थिक तयारी असेल तर दादर पश्चिमेला वीर सावरकर मार्गावर असलेली इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट ही पहिली पसंती असावी. १९५४ साली सुरू झालेली ही संस्था देशातली अशा प्रकारची पहिली संस्था. तिच्या पदवी अभ्यासक्रमाचा प्रवेश एनसीएचएम जेईई या राष्ट्रीय परीक्षेतून होतो आणि त्यासाठी बारावीला इंग्रजी विषय असणे आवश्यक असते. पुण्यात शिवाजीनगरला महाराष्ट्र राज्य हॉटेल मॅनेजमेंट संस्था आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या मुलांना ती सोयीची पडते.

तीन वर्षे थांबणे शक्य नसेल तर लहान वाटा आहेत, आणि त्यांना दुय्यम समजण्याचे कारण नाही. शासकीय हॉटेल मॅनेजमेंट संस्थांमध्ये फूड प्रॉडक्शन, फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस, फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, बेकरी अशा विषयांचे सुमारे दीड वर्षाचे डिप्लोमा आणि दहावीनंतरचे क्राफ्ट कोर्स असतात, ज्यांत हॉटेलातले प्रत्यक्ष प्रशिक्षण धरलेले असते. काही आयटीआयमध्येही फूड प्रॉडक्शन व सर्व्हिसचे ट्रेड आहेत. याखेरीज १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली हॉटेले शिकाऊ उमेदवार घेतात. त्यात विद्यावेतन ठरलेले असते आणि अखेरीस प्रमाणपत्र मिळते, त्यामुळे हाताशी पैसा नसलेल्या मुलाला ही वाट कित्येक खासगी कोर्सपेक्षा बरी.

खासगी संस्थांविषयी एकच सूचना करतो. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ या शब्दांवर विश्वास ठेवण्यापूर्वी मागच्या तुकडीतली मुले कोणत्या हॉटेलात, कोणत्या पदावर आणि कोणाच्या पगारपत्रकावर लागली, हे त्या मुलांनाच विचारावे. संस्था अशा चार जणांशी बोलू देत नसेल तर तिथे फी भरू नये.

येण्यापूर्वीची कागदपत्रे

आधार, पॅन, स्वतःच्या नावाचे बँक खाते, गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्या मूळ प्रती व झेरॉक्स तयार ठेवाव्यात, आणि सगळ्या कागदांवर नावाची अक्षरे सारखी आहेत ना हे तपासावे; भविष्य निर्वाह निधीचे खाते उघडताना नावातला एखादा काना-मात्रेचा फरकही महिनोन्महिने त्रास देतो. पासपोर्टचा अर्ज गावाकडच्या पत्त्यावरच करून टाकावा. किचन किंवा सर्व्हिसमध्ये जायचे असेल तर अन्न हाताळणाऱ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस अन्न सुरक्षा नियमांनुसार लागते; ती व्यवस्था बहुधा हॉटेलच करते.

हॉटेल आणि घर एकत्र पाहा

मुंबईतली मोठी हॉटेले विखुरलेली दिसली तरी त्यांचे ठरावीक पट्टे आहेत. अपोलो बंदरावरचे १९०३ सालचे ताज आणि नरिमन पॉइंटची ओबेरॉय व ट्रायडंट ही दक्षिण मुंबईतली जुनी ठिकाणे; वरळी, लोअर परळ आणि परळ हा दुसरा पट्टा; वांद्रे-कुर्ला संकुल तिसरा; जुहूचा किनारा चौथा; आणि विमानतळाभोवती सहार, मरोळ, चकाला व अंधेरी-कुर्ला रस्ता हा बहुधा सर्वांत दाट पट्टा, जिथे पंचतारांकित हॉटेलांपासून मध्यम दर्जाच्या साखळी हॉटेलांपर्यंत सगळे काही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर सापडते. पवई, गोरेगाव आणि नवी मुंबईतले वाशी-तुर्भे हेही लक्षात ठेवावे. पहिल्या नोकरीसाठी मी विमानतळाचा पट्टा सुचवेन, कारण तिथे एका हॉटेलात जमले नाही तर दुसरीकडे जाताना खोली बदलावी लागत नाही.

राहण्याचा विचार करताना पाळ्यांचे गणित समोर ठेवावे. सकाळची पाळी सहा-सातला सुरू होते, दुपारची रात्री दहा-अकराला संपते, आणि कागदावर अकरा असले तरी बँक्वेट लांबले की बारा वाजतात. शेवटची लोकल रात्री एकच्या सुमारास निघते आणि पहाटेची पहिली चारच्या आसपास, हे ऐकायला सोयीचे वाटते. पण विरार, बदलापूर किंवा आसनगावला राहून सहा-सातच्या पाळीला पोचायचे म्हणजे झोप चार तासांवर येते, आणि ती सवय कुणाच्याच अंगाला मानवत नाही. भाड्यात वाचलेले पैसे आजारपणात आणि खाड्यांत जातात. मेट्रो तीनची पूर्ण मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये आरेपासून कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून विमानतळ, वांद्रे-कुर्ला संकुल, वरळी आणि चर्चगेट हे पट्टे एका गाडीने जोडले गेले आहेत, त्यामुळे मरोळ नाक्याजवळ राहून दक्षिण मुंबईत कामाला जाणे पूर्वीइतके कष्टाचे राहिलेले नाही. मात्र रात्री उशिराच्या पाळीला मेट्रोचाही भरवसा धरता येत नाही.

सुरुवातीला स्वतंत्र खोलीच्या मागे लागू नये. मरोळ, साकीनाका, चकाला भागात ‘कॉट बेसिस’वर, म्हणजे एका खोलीत पाच-सहा जणांत एक खाट, अशी जागा मिळते आणि तीत राहणारे पुष्कळदा हॉटेलांतलेच असतात. जागा पाहताना पाणी किती वाजता येते आणि दिवसा झोपायला मिळते का, हे दोन प्रश्न आवर्जून विचारावेत. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी दहाला खोलीतून उठवणारा मालक परवडत नाही. कोकणातल्या मुलांना आणखी एक आधार असतो. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींत कित्येक गावांच्या मंडळांच्या सामाईक खोल्या पिढ्यान्पिढ्या चालत आल्या आहेत, आणि गावाकडच्या ओळखीने तिथे पहिले दोन-तीन महिने अल्प खर्चात काढता येतात. पुढे चौघे मिळून फ्लॅट घेतला तर अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत असावा आणि त्यात आपले नाव असावे. अनामत रकमेची पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि दलालीचा आकडा जागा पाहण्यापूर्वीच ठरवून घ्यावा.

अर्ज, मुलाखत आणि ट्रायल

हॉटेलांच्या साखळ्या आपल्या संकेतस्थळांवर जागा जाहीर करतात, परंतु खालच्या पदांची बरीचशी भरती वॉक-इन, म्हणजे थेट जाऊन दिलेल्या, मुलाखतींतून आणि आतल्या कर्मचाऱ्यांच्या शिफारशीने होते. वॉक-इनला जाताना हॉटेलच्या दर्शनी दाराने न जाता मागच्या बाजूच्या कर्मचारी फाटकावर जावे, तिथल्या टाइम ऑफिसमध्ये, म्हणजे हजेरीच्या कार्यालयात, नाव नोंदवावे आणि एचआरला भेटायचे आहे असे सांगावे. दुपारी अडीच ते साडेचार ही वेळ त्यातल्या त्यात बरी असते. पांढरा किंवा फिका शर्ट, गडद पँट, पॉलिश केलेले काळे बूट, कापलेली नखे, दाढी केलेली किंवा नीट राखलेली, हातात गंडेदोरे व अंगठ्या नाहीत. मुलींनी केस बांधलेले आणि दागिने मोजके. इथे पोशाख हा कामाच्याच तपासणीचा भाग असतो, त्यामुळे ‘साधेपणा’च्या नावाखाली चुरगळलेला शर्ट चालवून घेतला जात नाही.

प्रश्न ठरलेले असतात: स्वतःविषयी सांगा, हेच खाते का, पाहुणा चिडला तर काय कराल, रविवारी आणि सणाला काम करायला तयार आहात का. शेवटच्या प्रश्नाला खोटे ‘हो’ म्हणू नये. किचनसाठी तोंडी मुलाखतीनंतर ट्रायल, म्हणजे प्रत्यक्ष पदार्थ करून दाखवण्याची चाचणी, असते. पदार्थ चवीला उत्तम झाला तरी शेफ आधी चॉपिंग बोर्ड, नॅपकिन आणि वाया गेलेला माल पाहतात. सर्व्हिसच्या उमेदवाराला ट्रे उचलायला किंवा टेबल लावायला सांगितले जाऊ शकते.

नोकरीसाठी पैसे मागणारा कोणीही असो, तिथेच बोलणे थांबवावे. नोंदणी शुल्क, गणवेशाची अनामत, प्रशिक्षणाचा खर्च, विमानतळाचा पास अशा नावांनी पैसे उकळणाऱ्यांचे जाळे मोठे आहे, आणि नामांकित हॉटेलचे बोधचिन्ह लावलेले बनावट नियुक्तीपत्र फोनवर पाठवणे ही त्यांची नेहमीची रीत आहे. शंका आल्यास हॉटेलच्या मुख्य दूरध्वनी क्रमांकावर फोन करून एचआर विभागाकडे खात्री करून घ्यावी.

नियुक्तीपत्र वाचताना

पहिली ओळ पाहायची ती मालकाच्या नावाची. काम पंचतारांकित हॉटेलात आणि पत्र एखाद्या मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीचे, असे अनेकदा असते. कंत्राटी नोकरी वाईटच असते असे नाही. कुठेच अनुभव नसलेल्याने ती सहा महिने-वर्षभर शिकण्यासाठी जरूर करावी. पण कंत्राटदार बदलला की नोकरीतली सलगता तुटू शकते आणि अनुभवाच्या दाखल्यावर हॉटेलचे नाव येत नाही. म्हणून कायम जागा निघाल्यावर आपला विचार होईल का, हे रुजू होण्याआधी विचारावे आणि वर्षभरात तसे काहीच घडले नाही तर दुसरीकडे अर्ज करावेत. बँक्वेटमध्ये रोजंदारीवर ‘कॅज्युअल’ म्हणून जाणे हा खिशाला आधार असतो, पण त्यावर कारकीर्द उभी राहत नाही.

‘सीटीसी’चा, म्हणजे आपल्यावर मालकाच्या होणाऱ्या एकूण खर्चाचा, आकडा आणि हातात पडणारी रक्कम यांत बराच फरक असतो, कारण त्यात मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा आणि काही ठिकाणी कॅन्टीनच्या जेवणाची किंमतही धरलेली असते. मूळ वेतन व महागाई भत्त्यावर १२ टक्के भविष्य निर्वाह निधी कापला जातो, आणि मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असल्यास कर्मचारी राज्य विमा योजनेसाठी ०.७५ टक्के. ही कपात म्हणजे नुकसान समजू नका. विमा योजनेचे कार्ड असले की आजारपणात स्वतःवर आणि आईवडील आपल्यावर अवलंबून असतील तर त्यांच्यावरही उपचार होऊ शकतात. यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा आपला कायमचा क्रमांक, पहिल्या महिन्यातच स्वतःच्या मोबाइलला जोडून घ्यावा आणि पुढची नोकरी धरताना तोच क्रमांक द्यावा. वाटून मिळणाऱ्या सर्व्हिस चार्जवर घरखर्चाचे गणित बसवू नये, कारण तो बिलात सक्तीने लावता येणार नाही असे २०२२ चे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे निर्देश दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये वैध ठरवले आहेत.

पहिले सहा महिने

कर्मचारी फाटकावर झडती, टाइम ऑफिसात हजेरी, युनिफॉर्म रूममधून इस्त्रीचा गणवेश, लॉकर, आणि मग पाळीपूर्वीचे ब्रीफिंग: रोजचा दिवस असा सुरू होतो. ब्रीफिंगला दहा मिनिटे आधी पोचावे. आजची ऑक्युपन्सी किती, म्हणजे किती खोल्या भरल्या आहेत, कोणते मोठे पाहुणे येणार, किचनमध्ये कोणता पदार्थ संपला आहे, कोणत्या खोलीची तक्रार कालपासून प्रलंबित आहे, हे सगळे तिथे सांगितले जाते, आणि दिवसभरात होणाऱ्या चुकांपैकी निम्म्या तरी ब्रीफिंग नीट न ऐकल्याने होतात असे कोणताही कॅप्टन, म्हणजे वाढणाऱ्यांचा प्रमुख, सांगेल. खिशात लहान वही ठेवावी. पाळी सोपवताना लॉग बुकात अर्धवट कामे लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. ‘मी सांगितले होते’ या वाक्याला हॉटेलात किंमत नाही, लिहिलेल्याला आहे.

इंग्रजीचा धसका घेऊन व्याकरणाची पुस्तके उघडण्यापेक्षा आपल्या खात्यात रोज लागणारी वाक्ये प्रसंगवार पाठ करावीत. एसी गार करत नाही अशी तक्रार आली तर ‘आय ॲम सॉरी अबाउट दॅट, सर. आय विल हॅव इट चेक्ड राइट अवे. मे आय हॅव युअर रूम नंबर, प्लीज?’ एवढी तीन वाक्ये पुरतात. ती आरशासमोर सलग बोलता येईपर्यंत म्हणावीत, कारण प्रत्यक्ष प्रसंगी विचार करायला वेळ नसतो. ऑर्डर घेतल्यावर ती पाहुण्याला पुन्हा वाचून दाखवणे, समजले नाही तर ‘कुड यू प्लीज रिपीट दॅट?’ असे न लाजता विचारणे, आणि ‘नो’ ऐवजी काय देता येईल ते सांगणे, या तीन सवयींनी भाषेची निम्मी उणीव झाकली जाते. हिंदी तर लागतेच. उच्चाराची थट्टा करणारे सहकारी भेटतील. त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे, ते बहुधा स्वतःही त्याच वाटेने आलेले असतात.

फ्रंट ऑफिसमध्ये ‘ऑपेरा’ किंवा तत्सम संगणक प्रणाली असते. पाळी संपल्यावर अर्धा तास थांबून ती शिकवण्याची विनंती सीनिअरला केली, तर क्वचितच कोणी नाही म्हणते.

सुट्ट्या, सण आणि रात्रपाळी

साप्ताहिक सुट्टी बहुधा आठवड्याच्या मधल्या वारी मिळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा लग्नसराईचा आणि परदेशी पाहुण्यांचा काळ, त्यात रजा मागणे व्यर्थ. ३१ डिसेंबरला तर सगळा स्टाफ हजर हवा असतो. कोकणी माणसाचा खरा पेच गणपतीचा. खात्यातल्या निम्म्या मुलांना एकाच आठवड्यात गावी जायचे असते, रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते, आणि रोस्टर, म्हणजे पाळ्यांचा तक्ता, मात्र आठवड्यापूर्वी लागतो. यावर चालणारा उपाय एकच: जूनमध्येच लेखी अर्ज द्यावा, दिवाळीला किंवा नाताळला काम करण्याची तयारी त्यातच लिहावी, आणि मुख्य म्हणजे दिलेला शब्द पाळावा. गणपतीला न कळवता गैरहजर राहिलेल्या मुलाचे नाव बढतीच्या यादीत येत नाही, मग त्याचे काम कितीही चांगले असो.

मुलींसाठी दोन तरतुदी माहीत असणे आवश्यक आहे. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना काम देण्यासाठी त्यांची संमती लागते, आणि सुरक्षिततेची व घरापर्यंतच्या वाहनाची व्यवस्था मालकाने करायची असते. मुलाखतीतच ‘ड्रॉप कुठपर्यंत मिळतो’ हे विचारावे. दुसरे, लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि त्रास देणारा पाहुणा असला तरी तक्रार करता येते. तक्रारीची मुदत साधारणपणे तीन महिन्यांची असते. समितीतल्या सदस्यांची नावे नोटीस बोर्डावर असतात. ती पहिल्याच आठवड्यात वाचून ठेवावीत.

बढती आणि नोकरी बदलणे

पदांची नावे हॉटेलागणिक बदलतात, तरी शिडी साधारण सारखी असते. किचनमध्ये कॉमी थ्री, टू, वन, मग सीडीपी (एका सेक्शनचा प्रमुख), सू शेफ (मुख्य शेफचा सहायक) आणि एक्झिक्युटिव्ह शेफ. हाउसकीपिंगमध्ये रूम अटेंडंट, सुपरवायझर, असिस्टंट मॅनेजर, एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर. सर्व्हिसमध्ये स्टुअर्ड (वेटर), कॅप्टन, मॅनेजर. पहिल्या हॉटेलात किमान दोन वर्षे राहावे. दर सहा-आठ महिन्यांनी हजार-दोन हजारांसाठी उडी मारणाऱ्याचा बायोडेटा एचआरच्या टेबलावर फार वेळ टिकत नाही. याउलट चार वर्षे एकाच पदावर अडकून ‘साहेब काहीतरी करतील’ म्हणत राहणेही चुकीचेच. दोन वर्षांनंतर साखळीतल्या अंतर्गत जागांच्या जाहिराती नियमित पाहाव्यात. एकाच साखळीत दुसऱ्या हॉटेलात वरच्या पदावर गेल्यास नोकरीची सलगता राहते आणि पद वाढते.

नवीन हॉटेल उघडताना भरली जाणारी ‘प्री-ओपनिंग टीम’ ही बढतीची सर्वांत जलद संधी असते. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले आहे, तेव्हा त्या बाजूच्या जाहिरातींवर लक्ष ठेवणे शहाणपणाचे. पदवी नसेल तर काम सांभाळून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून ती पूर्ण करावी, कारण मॅनेजरच्या पदाशी आल्यावर कागदाची अडचण हमखास उभी राहते. आणि हॉटेलच्या पाळ्या घरसंसारात जमेनाशा झाल्या तर रुग्णालये, कॉर्पोरेट कार्यालये आणि विमानतळावरील लाउंज येथे हॉटेलच्या अनुभवाला चांगली मागणी असते. त्यात हार मानल्यासारखे काही नाही.

आखात आणि क्रूझ

दोन-तीन वर्षांच्या अनुभवानंतर बहुतेकांच्या मनात परदेशाचा विचार येतो. दहावी उत्तीर्ण असल्याची नोंद पासपोर्टच्या अर्जाच्या वेळीच केली असेल तर आखाती देशांत कामाला जाण्यासाठीची वेगळी एमिग्रेशन मंजुरी लागत नाही. एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे का ते स्वतः पाहावे. त्याला घेता येणारे शुल्क कमाल ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच असते, आणि त्याची पावती मिळालीच पाहिजे. क्रूझवर जाण्यासाठी सीडीसी (जहाजावरील कामाची नोंदपुस्तिका) आणि एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय निकषांचे मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण लागते. तिथली भरती नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे जहाजावरच्या भरतीचा, परवाना असलेल्या कंपन्यांनीच करायची असते, आणि नोकरी मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेण्याची त्यांना परवानगी नाही. करारावर सही करण्यापूर्वी पद, मूळ वेतन, कामाचे तास, परतीच्या तिकिटाचा खर्च कोणाचा आणि करार किती महिन्यांचा, हे पाच मुद्दे वाचून पाहावेत, आणि सही केलेल्या कराराची व व्हिसाची एक प्रत निघण्यापूर्वी घरी ठेवावी.